सहा शुक्रवारची पत्रं

"ही सहा पत्रं. दर शुक्रवारी एक टाकायचं." सुजीतने गठ्ठा दौलतच्या हातावर ठेवला. "तारखेची जागा मोकळी सोडलीय. टाकायच्या दिवशी घाल, आणि ह्याच पेनने. आईची नजर बारीक आहे."

दौलतने पेन खिशाला लावलं. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एकाच कंपनीत दोघं कामाला होते आणि खोलीही एकच. दौलत गुहागरचा, वेल्डर. सुजीत वाईजवळच्या खेड्यातला, टेक्निशियन. १९९८ चा जून चालू होता. दुपारी दाराची कडी हातात धरवत नव्हती.

भिंतीला दोन लांबलचक फळ्या टेकवलेल्या होत्या. त्या पायाला बांधून सुजीत महिनाभर वाळूच्या टेकड्यांवरून घसरत होता आणि अख्खा कॅम्प त्याला वेड्यात काढत होता.

"ज्वालामुखी म्हणतोस," दौलत म्हणाला, "आणि वर बर्फ म्हणतोस. तोही जूनमध्ये. नक्की काय ते एक सांग ना!"

"दोन्ही आहे. दमावंद साडेपाच हजार मीटर उंच आहे, वरच्या घळींत बर्फ टिकतो. फळ्यांना खालून केसाळ पट्टा चिकटवायचा, म्हणजे चढताना मागे सरकत नाही. वर पोचलं की पट्टा काढायचा आणि खलास, घसरत खाली."

कंपनीतल्या दोन ऑस्ट्रियन इंजिनियरांची ही सफर होती, सुजीत त्यांच्याबरोबर निघाला होता. गाडी बोटीने इराणच्या बंदर अब्बासला उतरवायची आणि पुढे सगळा रस्ता. इराणात दोन डोंगर, तुर्कस्तानात दोन.

"मजा आहे. मग आईलाच का घाबरतोस?"

नऊ वर्षांपूर्वी सुजीतचा थोरला भाऊ धनंजय किल्ल्याच्या कड्यावरून पडून गेला. तेराव्याला आईने, मुक्ताबाईंनी, सुजीतचा हात धनंजयच्या फोटोवर ठेवून शपथ घ्यायला लावली, की पुन्हा डोंगर चढणार नाही. ती त्याने इमानाने पाळली होती. पण डोंगराचं वेड काही जात नाही.

"तिला कळलं तर ती खचेल," तो म्हणाला. "दोन वर्षांनी मिळालेली रजा मी तिच्याकडे न जाता डोंगरावर घालवतोय. यंदा रजाच मिळाली नाही, असं कळवून टाकलं तिला."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. पुढच्या पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. सुटलो." त्याने उशीखालचं पत्र काढून दाखवलं. मुक्ताबाई बालवाडीच्या बाई होत्या, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. शाईपेनने लिहिलेला काळा मजकूर आणि वर निळ्या बॉलपेनने घातलेली तारीख. तब्येत सांभाळ, पाणी भरपूर पी, लोणचं पाठवते. "माझं पत्र मात्र ती पोस्टमनसमोरच फोडते. त्याला थांबवून वाचूनही दाखवते! तिचं पत्र आलं तर उघड तू. तातडीचं काही असलं तर ऑफिसात सांग."

शनिवारी सुजीत गेला.

दौलतने काम चोख केलं. शुक्रवारी आंघोळ झाली की तो एक पत्र घ्यायचा, जपून तारीख घालायचा आणि पेटीत टाकायचा. पत्रांत सुजीत बिचारा उकाड्याने हैराण होता, मेसमधली आमटी पातळ होती आणि पडवीची कौलं बदलली का, अशी चौकशी होती.

पलीकडूनही दर आठवड्याला पत्र येत होतं. घर पोस्टापासून लांब, त्यामुळे शेजारची रंजिता तालुक्याला जाताना मुक्ताबाईंचं पत्र टाकायची, असं सुजीतने सांगितलं होतं. दौलत वाचायचा आणि एकटाच हसायचा. मुलगा विचारतो कौलांचं, आई सांगते लोणच्याचं. पण पत्रं आगाऊ लिहिली की असंच होणार, आईचा काय दोष!

तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या फोनवर सुजीत आला. आवाज खरखरत होता.

"दौलत, दमावंद झाला! वर गंधकाचा वास येतो रे, जमिनीतून धूर निघतो, आणि दहा पावलांवर बर्फ. आईला काही कळलं नाही ना?"

"नाही. तू सांभाळून ये."

ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा नाकाची सालं निघालेली होती आणि डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल होते. दौलत पोट धरून हसला. चारही डोंगर झाले होते. पण सुजीत दोन दिवस अस्वस्थच होता. आईची पत्रं त्याने तीनतीनदा वाचली.

"फसवलं मी तिला," तो म्हणाला. "आता खरं लिहितो. रागावू दे. रागावली तरी फोडून वाचेल तर खरी."

शुक्रवारी त्याने चार पानं लिहिली. धनंजयची आठवण वर कशी आली, तेही लिहिलं. पाकिटाला गोंद लावत होता तेवढ्यात दारावर थाप पडली. गावचे राजाभाऊ नव्या व्हिसावर आले होते. गावाहून येणारा माणूस कुणाचं ना कुणाचं पार्सल घेऊनच येतो, तसं त्यांच्याही हातात एक कापडी पुडकं होतं.

"या, राजाभाऊ! आईने लोणचं दिलं ना? कशी आहे?"

राजाभाऊंनी पायातल्या चपला काढायला फार वेळ लावला.

"रंजिताने दिलंय," ते खाली बघत म्हणाले. "दुखणं वाढलं तेव्हा बाईंनी शपथ घातली होती तिला, कळवायचं नाही म्हणून. पण आता माझ्याच्यानं तारखा लिहवत नाहीत, म्हणाली."

सुजीतने गाठ सोडली. वर त्याचीच सात पत्रं होती, रजेचं एक आणि शुक्रवारची सहा, एकही न फोडलेलं. खाली काळ्या शाईतली, मोत्यासारख्या अक्षरातली अजून चार, आणि प्रत्येकावर तारखेची जागा मोकळी सोडलेली.