रेघेपर्यंत थुंका

"काका, इथं 'स्पिट' लिहून आहे. म्हणजे थुंका. ह्या रेघेपर्यंत. फेस नाई चालत," असं म्हणून पुतणी नीलमने प्लास्टिकची नळी नितेशच्या हातात दिली.

नितेश हसला. "बस, इतकंच? थुंकणं तं माहं रोजचंच आहे."

ते खरंच होतं. अठरा दिवसांपूर्वी तो राजापेठच्या ह्या घरात आला, तेव्हापासून त्याचं थुंकणं थांबलं नव्हतं. मोरी काळपट पडली होती. ती घासून घासून चंदावहिनीचे हात दुखायला लागले होते. सुपारी-तंबाखू घोटलेल्या खर्ऱ्याचं व्यसन, दुसरं काय! खर्रा न खाणारा दीर अमरावतीत शोधूनही सापडत नाही, असं ती शेजारणीला सांगून मोकळी झाली होती.

समोरच्या खुर्चीत चंदाचा नवरा पुंजाराम बसला होता. ही तपासणी त्यानेच मागवली होती. नागपूरच्या लॅबमध्ये आईची थुंकी आणि ह्याची थुंकी ताडून पाहायची, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल.

त्याचा धाकटा भाऊ नितेश अकरा वर्षांपूर्वी शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगीच्यातून नाहीसा झाला होता. पोलीस झाले, देव झाले, पत्ता लागला नाही. आणि आता हा माणूस फाटकात उभा राहून "माय" म्हणाला होता. भुवईवरचा व्रण तोच. जेवणं डावखुरं, तेही तसंच. लहानपणी विकलेल्या बैलाचं नाव त्याने न विचारता सांगितलं. अकरा वर्षांत एक केस पिकला नव्हता, तर बायका म्हणाल्या, पोरानं तब्येत राखली. त्याच्या आईने, दुर्गाबाईंनी, त्याला जे कवटाळलं ते सोडलंच नाही.

फक्त पुंजाराम म्हणत राहिला, हा नितेश नाही. त्याच्याइतकी खात्री घरात कोणालाच नव्हती.

बगीच्याची वाटणी द्यावी लागेल म्हणून भाऊ भावाला ओळखत नाही, असं नातेवाईक बोलू लागले. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ह्याच लोकांनी एकेकाळी पुंजारामचं कौतुक केलं होतं. नितेश गेला त्याच आठवड्यात, भर वैशाखात, त्याने बगीच्यात संत्र्याचं एक कलम लावलं होतं. उन्हाळ्यात खड्डे खणून तापू द्यायचे आणि कलमं पावसाळ्यात लावायची, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ह्याने भावाच्या नावाने लावलं आणि दोन महिने डोक्यावर पाणी वाहून जगवलं. भाऊ असावा तर असा, असं तेव्हा गाव म्हणालं होतं.

थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं. पुंजारामने त्याला चार वेळा चूळ भरायला लावली आणि घड्याळ लावून समोर बसवलं. अर्ध्या तासाने नितेश नळीत थुंकला. थुंकी काळीच पडली.

नीलमने नळी उजेडात धरली. तळाशी काहीतरी बसत होतं. "काका, खर्रा खाल्ला ना तुमी?"

"नाई वं बाई. मी खर्रा खातच नाई."

चंदा फिस्सकन हसली. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

मग दुर्गाबाईंची पाळी आली. "आजी, इंग्रजीत हुबेहूब बापासारख्या पोराले बापाचा 'स्पिट'च म्हणतात," नीलम म्हणाली. तिचे स्पर्धा परीक्षेचे क्लास चालू होते, त्यामुळे असलं काही ती अधूनमधून सांगत असे.

"मंग त्यायले बी समजलं म्हणाचं. थुंकीत माणूस उतरते." दुर्गाबाईंनी नळी भरली आणि मोठ्या लेकाकडे रोखून पाहिलं. "रिपोट येऊ दे, पुंजाराम. थुंकलेलं चाटा लागंल तुले."

"आई, तो येऊच शकत नाई," पुंजाराम म्हणाला. एवढंच.

नवव्या दिवशी भरदुपारी नीलमच्या मोबाईलवर निकाल आला. तिने दोनदा वाचला. "जुळलं! आई आन् मुलगाच. बाबा, काकाच आहे हा."

दुर्गाबाई मटकन खाली बसल्या आणि मोकळेपणी रडल्या. चंदाने डोळ्याला पदर लावला. पुंजारामचा चेहरा पांढराफटक पडला.

"खाली एक सूचना आहे," नीलम पुढे वाचू लागली. "नमुन्यात काळी माती निघाली म्हणते. गाळून तपासली."

"नळीच घाण असंल," चंदा म्हणाली.

दुर्गाबाई उठल्या. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन त्यांनी नितेशवरून ओवाळल्या आणि मूठ त्याच्या तोंडापुढे धरली. तो तीनदा थुंकला. मागच्या अंगणात चूल पेटलेली होती. तिघीजणी तिकडे गेल्या.

मिरच्या तडतडल्याचं ऐकू आलं. ठसका कोणालाच लागला नाही.

"पाह्यलं? एकीले खोकला नाई," दुर्गाबाईंचा आवाज आला. "लय मोठी नजर होती माह्या लेकराले."

घरात दोघे भाऊच उरले होते. नितेश खुर्ची ओढून पुंजारामजवळ बसला, आपल्या तळहातावर थुंकला आणि तो हात त्याच्यापुढे धरला. ओली, काळीभोर माती होती. तिच्यात एक पांढरं, केसासारखं बारीक मूळ वळवळल्यागत पडलं होतं.

पुंजारामने खुर्ची मागे सरकवली, ती भिंतीला टेकली.

"दादा," नितेश हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कलम लावाची एवढी घाई काहून केली? माहा श्वास तं थांबू द्याचा होता."