गॅलनला दहा मैल

"काका, ही गाडी परत घ्या," डार्सीने गॅरेजच्या दारातूनच सांगितलं. बूट झाडायलाही ती थांबली नाही.

ऊर्हो म्हातारा बर्फ लोटायच्या ट्रकखाली घुसला होता. आधी त्याचे पाय बाहेर आले, मग टोपी.

"बंद पडली?"

"बंद पडली असती तर परवडलं असतं. नुसती पितेय. तुम्ही म्हणाला होतात एकोणीस देईल. दहा देते. गॅलनला दहा मैल! रीडची गिरणी अकरा मैलांवर, तेवढंच जाणं-येणं. तरी आठवड्यात काटा तळाला."

"रीडला खटकलं नाही?"

"तो म्हणतो जाऊ दे, जुनी गाडी पिणारच. तो काय, सगळंच जाऊ दे म्हणतो."

नऊ दिवसांची लेक एल्सी गेली, त्यानंतर त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं उरलं होतं ते या गाडीपुरतं. पेट्रोल टाकलंस का. टाकलं. मग संपलं कसं. संपलं. रीड पाळी संपवून उशिरा येई, रस्ता खराब होता म्हणे, हात धुई आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. डार्सीची बहीण फोनवर रोज एकच सांगत होती, ये निघून. रविवारी रीडला सांगते, असं काल डार्सीने कबूल केलं होतं.

ऊर्होने चिंध्यांना हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"चाळीस वर्षं काउंटीच्या सरकारी गाड्या याच हातांनी उघडल्या. फसवलंस म्हणत दारात कोणी आलं नव्हतं आजवर."

"मी फसवलं म्हणाले नाही."

"आणखी काय म्हणायचं राहिलं? दे किल्ली."

गाडी मूळची शेरीफच्या खात्यातली. दारावरचा ताऱ्याचा ठसा रंगाखालून अजून दिसत होता. ऊर्हो आत बसला, किल्ली अर्धी फिरवली, स्टिअरिंगमागचं एक बटण दोन-तीनदा दाबलं. मग खिशातून वही काढली. गाडी विकताना तिचे आकडे लिहून ठेवायची काउंटीची सवय त्याची सुटली नव्हती. त्याने वहीत पाहिलं, काट्यांकडे पाहिलं, पुन्हा वहीत.

"तेवीस दिवसांत चारशे बारा मैल. बरोबर आहे."

"मग?"

"पोलिसांच्या गाडीत आणखी एक आकडा असतो. उभ्या गाडीचं इंजिन किती वेळ चाललं, तो." त्याने चष्मा वर सरकवला. "तीस तास."

"म्हणजे?"

"म्हणजे चाक हलत नाही आणि पेट्रोल जळतंय. कामाच्या दिवशी दीड तास धर. गाडी पीत नाही गं पोरी. गाडी उभी असते."

डार्सीचा चेहरा आधी कोरा झाला, मग कठीण.

"कुणाच्या दारात?"

ऊर्होने किल्ली काढली, खाली उतरला, दार अगदी अलगद लावलं.

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, तो सांगून जातो तुला."

"कुठे, काका?"

त्याने हनुवटी टेकडीकडे वळवली. पाइनच्या रांगेपलीकडे दफनभूमीचं फाटक होतं. तिथला बर्फही तोच लोटायचा.

मे उजाडेपर्यंत इथली गोठलेली जमीन फावडं घेत नाही. हिवाळ्यात गेलेली माणसं तोवर फाटकाजवळच्या दगडी खोलीत फळ्यांवर थांबतात. एल्सीची पेटी रीडने एकट्याने उचलून नेली होती, काखेत मावेल एवढी. बाळंतपणाचे टाके चिघळून डार्सी तेव्हा इस्पितळात तापाने फणफणत होती. नंतर रीडने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

"रोज?"

"मी जातो तेव्हा तेव्हा असतो."

"खोलीच्या दारासमोर?"

"दारासमोर नाही. बाजूला वळवतो. गाडीचं नाक भिंतीला लावून, मध्ये चार बोटं जागा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काच ठोकणार होतो. म्हटलं, बाबा रे, इंजिनाला वारा लागू दे, तापेल ते." त्याने किल्ली मुठीत धरली. "मग त्याच्याकडे बघितलं. नाही ठोकली."

डार्सी टेकडीकडे बघत होती.

"खोलीच्या इतर तिन्ही बाजूंना खिडकीपर्यंत बर्फ आहे," ऊर्हो म्हणाला. "गाडीच्या नाकासमोर तेवढाच एक तुकडा वितळलाय. भिंतीचे दगड ओले दिसतात."

टपाल्याची गाडी रस्त्यावरून गेली. ऊर्होने हात केला नाही. डार्सीने उजवा हातमोजा काढला होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

"गाडी परत घेतो," म्हातारा म्हणाला. "तू म्हणशील तर आत्ता. दुसरी बघतो तुमच्यासाठी, कमी पिणारी."

तिने मान हलवली. नाही.

"कुठली भिंत, काका?"

"पूर्वेची." ऊर्होने टोपी काढली. "लहान पेट्या तिकडच्याच फळीवर ठेवतात."