एका ओळीचा शेरा

पणजी सुईण होती, आजी क्षयरोग्यांच्या इस्पितळात परिचारिका आणि आई अनाथ मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. तिघींनी जन्मभर परक्यांचे डोळे पुसले. स्वतःचे ओले डोळे मात्र घरच्यांनाही दिसू दिले नाहीत. रडणे हा त्या घराण्यात गुन्हा नव्हता, गबाळेपणा होता. चौथ्या पिढीतली ही महाविद्यालयात समुपदेशक झाली आणि सत्तावीस वर्षे तिनेही घराण्याचे नाव राखले.

मुले पाठीमागे तिला ‘दहा मिनिटं’ म्हणत. मनगटावरचे घड्याळ काढून ती टेबलावर ठेवी, समोरच्याला दहा मिनिटे देई आणि नोंदवहीत एक ओळ लिही. ती ओळ सहसा बदलत नसे. मग म्हणे, “जाताना दार ओढून घे. बाहेर पुढचे थांबलेत.” बाहेरच्या बाकावर बहुतेकदा कोणी नसे, पण या वाक्याने रडणारे माणूस चटकन उठते, हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकले होते.

आता तशाच एका बाकावर तीच बसली होती. समुपदेशकांच्या, मौन आणि श्वासाच्या सजगता शिबिराचा हा तिसरा आणि शेवटचा दिवस. यंदापासून पदाचे नूतनीकरण शिबिराच्या शेऱ्यावर व्हायचे होते. शेरा वाईट आला, तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षे तळघरातल्या दप्तरखान्यात काढायची.

आतून दुसऱ्या महाविद्यालयातली गोलमटोल समुपदेशक डोळे टिपत बाहेर आली आणि दार लागताच खुदकन हसली.

“तीन दिवस काय केलं, तर श्वास घेतला! घरी सांगितलं तर नवरा म्हणेल, तो तर तू इथंही घेत होतीस.”

“आत ती प्रशिक्षिका काय विचारते?”

“मोकळ्या व्हा म्हणते. मोकळं न होणाऱ्याला नापास करते म्हणे. मी आपली सासूपासून सुरुवात केली. नवव्या मिनिटाला हुंदका काढला, झाले पास. जा, शेवटच्या तुम्हीच राहिलात.” तिने पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरून गेली.

प्रशिक्षिका तिशीची होती. आवाज मऊ, कपडे साधे. “बसा ना, बाई,” म्हणत तिने घड्याळ काढून टेबलावर ठेवले. “बोला. कुठं दुखतंय?”

हिने दोन नेटकी वाक्ये घोकून आणली होती. पण तीन दिवसांच्या मौनाने आतली कुठली तरी खीळ सैल केली असावी. तोंडातून भलतेच निघाले.

“मला ऐकू येत नाही.”

प्रशिक्षिकेची नजर तिच्या कानांकडे गेली.

“कान तपासून घेतले. ठणठणीत आहेत. पण पोरं समोर बसून बोलतात, ओठ हलताना दिसतात, आणि एक शब्द पोचत नाही. चार वर्षं झाली. मी नुसती मान हलवते. परवा एक मुलगी बोलून उठली, दारापर्यंत गेली आणि मागं वळून म्हणाली, ‘मग आता मी काय करू, मॅडम?’ तिनं काय सांगितलं होतं, मला माहीतच नव्हतं.”

“मग काय केलंत?”

“नोंदवहीत ओळ लिहिली.”

आणि ती रडली. हुंदका काढावा लागला नाही. तोच तिला ओढून काढत होता. नाक पुसण्याचेही भान तिला उरले नाही. कागदी रुमालांचा डबा प्रशिक्षिकेच्या कोपराशी होता. तो तिथेच राहिला.

“मला मदत कर गं,” ती म्हणाली. त्या घराण्यात हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते.

प्रशिक्षिकेने मान हलवली. पेनाचे टोपण काढले आणि कागदावर लिहिले. कागद तिने स्वतःकडे वळवलेला होता. पण समोरच्या खुर्चीवरून उलटी अक्षरे वाचायला हिला वेळ पुरेसा मिळाला.

‘विशेष काही नाही. लक्ष वेधून घेण्याची सवय. पुन्हा बोलावण्याची गरज नाही.’

शब्द तिच्याच नोंदवहीतले होते. क्रमही तिचाच. तिने मान वर करून समोरचा चेहरा पाहिला. कपाळ, भुवया, हनुवटीवरचा व्रण, सगळे निरखून पाहिले. काही म्हणता काही आठवेना.

“कोणत्या वर्षीची तू?”

“नाही ना आठवत?” प्रशिक्षिका गोड हसली. “मला वाटलंच होतं. बारा वर्षं तुमची ही ओळ मी सांभाळली, बाई. त्या खुर्चीवरून उलटी वाचली होती, तरी काना-मात्रा विसरले नाही. आज तुमची तुम्हाला दिली. आता माझ्याकडं तुमचं काही राहिलं नाही.”

तिने घड्याळ उचलून मनगटावर चढवले.

“दहा मिनिटं झाली. जाताना दार ओढून घ्या. बाहेर पुढचे थांबलेत.”

ती चटकन उठली. बाहेर येऊन तिने दार ओढून घेतले.

बाक रिकामा होता.