राहिलेली बाही

आईकडे एका वेळी एक गोधडी आणि एक विणकाम चालू असायचं. आमच्या लुनेनबर्ग गावात कुणाचं लग्न ठरलं की आहेराची गोधडी पुढे यायची आणि माझा स्वेटर मागे पडायचा. आई गेली तेव्हा त्याची एक बाही राहिली होती. मला विणता येत नाही, म्हणून तो मी तिच्या चर्चमधल्या मैत्रिणीला, मर्ना आंटींना दिला.

महिन्याभराने त्या पूर्ण स्वेटर घेऊन आल्या. "तुझी आई म्हणजे गोधडीला घोडा आणि स्वेटरला गोगलगाय!"

मी तो छातीशी धरला. "तुमची बाही कुठली, ओळखूच येत नाही."



"कशी येईल? आजारपणात तिची वीण फार सैल पडली होती, माझ्या विणीशी जुळेना. मग सगळाच उसवला आणि पहिल्यापासून विणला."