तिसरा प्लग

यशवंतनं बटण दाबून धरलं आणि डॅशबोर्डावरच्या बारीक भोकाकडे बघत राहिला. आतली तार लाल व्हायला हवी होती. झाली नाही.

"परत गेला काय?" त्याच्या वडिलांनी, भीमरावांनी, मागून विचारलं, वखारीतल्या सगळ्या हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"परत गेला, अप्पा. तिसराच असणार."

हमाल हसले. यशवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा सलग पाचवा सोमवार. हुबळीहून सकाळच्या गाडीनं धारवाडला यायचं, वडिलांची जुनी जर्मन लॉरी उघडायची आणि सहा हीटर प्लगांतला जळका शोधायचा. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नसते. रात्रभर थंड पडलेलं इंजिन हे प्लग तापल्याशिवाय पेट घेत नाही. त्यात सहाही एकाच तारेत ओवलेले, एक जळाला की सगळे थंड. लढाईमुळे जर्मन माल बंद, म्हणून यशवंत जळक्या प्लगात नवी तार वळून बसवायचा. तो डावखुरा, त्यामुळे तारेचे वेढे उलटे पडायचे. लॉरी सुरू व्हायची. पुढच्या सोमवारी पुन्हा निरोप यायचा: बंद पडली, ये.

दर वेळी तिसराच प्लग, म्हणजे त्यानंच दुरुस्त केलेला. तार पार वितळलेली, वेढा ओळखायलाही उरलेला नसायचा. आपलं काम आठ दिवससुद्धा टिकत नाही, याची त्याला भयंकर लाज वाटायची.

"लॉरीबरोबर जुन्या प्लगांचा डबा आला होता ना?" त्यानं विचारलं. "तो द्या. दोन-चार आधीच वळून ठेवतो."

"तो कधीच टाकला," भीमराव म्हणाले आणि पान लावायला बसले.

चार वर्षांपूर्वी ही लॉरी दारात आली, तेव्हा पूजा व्हायच्या आधीच यशवंतनं डाव्या हातानं तिला पाना लावला होता. भीमरावांनी याच हमालांसमोर त्या हातावर फटका मारला. "हा हात माझ्या लॉरीला लागता कामा नये!" यशवंत त्याच दिवशी हुबळीला गेला, गॅरेज काढलं, आणि घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. पहिल्या सोमवारी बोलावणं आलं तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता! पण झालं काय, तर हात दाखवून अवलक्षण. हा हात नालायकच होता, हे अप्पांना चारचौघांत दाखवून द्यायचं असेल, दुसरं काय.

त्याच्या आईनं, भागीरथीबाईंनी, चहा लॉरीपाशीच आणून दिला. "आत ये की रे."

"हात तेलकट आहेत, अव्वा."

दुपारी लॉरी सुरू झाली. यशवंत मान खाली घालून स्टेशनकडे गेला. हमाल कुणाला काय सांगत होते कोण जाणे, पण त्या आठवड्यात हुबळीतली दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडून गाड्या परत घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी निरोप आला नाही. खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यार कुणी चालवत नाही. ज्याच्यावर घर चालतं, त्याची पूजा होते. यशवंतचा स्वतःच्या पान्यांना कुंकू लावायलाही हात उचलला गेला नव्हता. तो बोलावल्याशिवायच धारवाडला आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"अप्पा पूजेला बसलेत," भागीरथीबाई म्हणाल्या.

"इथूनच सांगून जातो. लॉरीला दुसरा मिस्त्री बघा म्हणावं. मी गॅरेज बंद करतोय, अव्वा. पुण्याला जातो कुठंतरी नोकरीला. परत नाही यायचा."

भागीरथीबाईंनी त्याचा डावा हात घट्ट धरला आणि त्याला ओढत देवघरापर्यंत नेलं.

भीमराव पाठमोरे बसले होते. समोर पाटावर करवत होती, कुऱ्हाड होती, लाकूड मोजायची साखळी होती. बाजूला एक गंजका डबा उघडा पडला होता, त्यात जुने जळके प्लग. आणि पाटाच्या मधोमध, लाल फडक्यावर, हळदकुंकू लावलेले पाच प्लग: पाचांच्याही तारा शाबूत, आणि वेढे उलटे.