सातव्या भागातली उडी

“कट! परत!” डायरेक्टर ओरडले.

पैलवान गादीवर आडवा पडला होता. कोणत्या पायावर भार देऊन उठावं, याचा विचार करत होता. त्याने सत्तरी कधीच ओलांडली होती. उडी जेमतेम कमरेएवढ्या भिंतीवरून होती, पण उजवा गुडघा आता नुसता कुरकुरत नव्हता, सरळ बोंबलत होता.

“मला चित्ता हवाय,” डायरेक्टर म्हणाले. “तू पोत्यासारखा पडतोस.”

“हो साहेब.”

पैलवान हे त्याचं पडद्यावरचं नाव. पहिल्या भागात त्याने दुसऱ्या मजल्यावरून खरीखुरी उडी मारली आणि थिएटरं शिट्ट्यांनी दणाणली. दुसऱ्या भागात हेलिकॉप्टर आलं. तिसऱ्यात जहाज बुडालं. चौथ्यात उड्या डमी मारायला लागला आणि पैलवान फक्त धापा टाकायला उरला. पाचव्यात दुसऱ्यातलंच हेलिकॉप्टर उलट्या दिशेने उडवून दाखवलं. सहावा भाग शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. खलनायक मरायच्या आत प्रेक्षक घरी पोचले होते.

सहाव्यानंतर मोठे स्टुडिओ गेले, डमी गेला, मेकअपवाले गेले. उरली डायरेक्टरांच्या घरामागची पत्र्याची शेड, एक भिंत, एक गादी आणि पांढऱ्या केसांचा कॅमेरामन. खलनायकाचे संवादही तोच कॅमेऱ्यामागून म्हणायचा. कपडे, मेकअप आणि जेवण डायरेक्टरांची बायको बघायची. तिला सगळे वहिनी म्हणत.

पैलवान उठला. कॅमेरामनने मान खाली घातली. उठायला हात दिलेला डायरेक्टरांना चालत नसे.

“कितवा भाग रे हा?” डायरेक्टरांनी मध्येच विचारलं.

“सातवा, साहेब.”

“सगळे सारखेच झालेत,” डायरेक्टर म्हणाले आणि हसले. बाकीचेही हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

जेवायच्या सुट्टीत पैलवान लंगडत गाडीपाशी आला. त्याची मुलगी आत बसून होती. रोज त्याला सोडायची, थांबायची, घरी न्यायची. तिने बर्फाची पिशवी पुढे केली.

“ऑपरेशनची तारीख तुम्ही परत पुढे ढकललीत. डॉक्टरांचा फोन आला होता.”

“हे संपू दे.”

“हे कधी संपणार, बाबा?”

पैलवानाने पिशवी गुडघ्यावर दाबली.

“कुणासाठी करताय हे? तुमचा पाय कायमचा गेला, तर ते येणार आहेत तुम्हाला भेटायला?”

“नाही येणार.”

“मग?”

“मी लायटी उचलायचो, माहितीये ना तुला? दोन स्टँड खांद्यावर घेऊन जिना चढत होतो. हा माणूस म्हणाला, ते सगळं खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. एवढंच म्हणाला. त्यावर आपलं घर उभं राहिलं, तुझं शिक्षण झालं.”

“फेडलंत की ते. सहा वेळा फेडलंत.”

“पाचव्या-सहाव्याला फेडणं म्हणतात का गं?” तो म्हणाला. ती रडता रडता हसली.

जेवणानंतर परत तीच भिंत, तीच उडी. डायरेक्टरांचं एका टेकवर कधीच समाधान होत नसे, ही त्यांची जुनी ख्याती. पैलवान भिंतीवर चढला. चढायलाच त्याला वेळ लागला.

“ॲक्शन!”

त्याने उडी मारली. गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला आणि तो कॅमेरामनलाही ऐकू गेला. पैलवान गादीवर लोळला, एका हाताने भिंत धरून उभा राहिला, छाती पुढे काढली.

“मी अजून उभा आहे,” त्याने आपला संवाद म्हटला.

मग डायरेक्टर खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांचा चेहरा असा उजळला की पैलवानाला पहिल्या भागाचे दिवस आठवले.

“ओके! हाच माझा पैलवान!”

पैलवान भिंतीला टेकून खाली बसला. दुखणं डोक्यापर्यंत गेलं होतं, पण तोही हसत होता. तेवढ्यात दारातून मुलगी धावत आली. तिने त्याचा गुडघा पाहिला. तो भोपळ्यासारखा सुजला होता.

“बास झालं,” ती म्हणाली. “बाबा, आज तुम्ही स्वतः त्यांना सांगायचं, उद्यापासून जमणार नाही म्हणून. नाहीतर मी सांगते.”

पैलवानाने तिच्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी हळूच मान हलवली. हो, सांगा.

मुलीच्या खांद्याचा आधार घेत तो डायरेक्टरांच्या खुर्चीपर्यंत गेला. हे दहा पावलांचं अंतर त्याला भिंतीपेक्षा उंच वाटलं. डायरेक्टर परत खुर्चीत बसून समोरच्या पत्र्याकडे बघत होते.

“साहेब,” पैलवान म्हणाला, “एक सांगायचं होतं. माझ्याच्याने आता...”

डायरेक्टरांनी वर पाहिलं. त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग अगदी सौम्यपणे, परक्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, “आजोबा, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय. आमचा पैलवान उडी मारणार आहे इथून. अजून कसा आला नाही कोण जाणे.”

पैलवानाने मुलीचा खांदा घट्ट धरला.

“येईल, साहेब,” तो कसाबसा म्हणाला आणि बाजूला झाला.

कॅमेरामनने स्टँडवरून कॅमेरा उतरवला. एका हाताने, रिकामं खोकं उचलावं तसा. वहिनी पैलवानापाशी आल्या आणि त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

“उद्यापासून नका येऊ, भावोजी,” त्या म्हणाल्या. “मला विसरले, पोरांना विसरले, तरी एक तुम्ही तेवढे त्यांच्या लक्षात होतात. म्हणून तर आपण हा खोटा सिनेमा मांडला होता.”