देवाची पकड

तुर्कस्तानातल्या आमच्या बोआझकाले गावात सगळे कारागीर काळ्या दगडात एकच चित्र कोरतात. इथल्या प्राचीन हित्ती लोकांचा देव राजाच्या गळ्यात हात टाकून उभा आहे आणि त्याने राजाचं मनगट धरलंय. मूळ चित्र डोंगरातल्या कातळावर आहे. तिथली पकड घट्ट आहे. आम्ही मात्र बोटं आणि मनगट यांच्यात केसाएवढी फट ठेवतो. वाडवडिलांनी ठेवली, म्हणून.

या खेपेला गिऱ्हाइकाला हुबेहूब प्रत हवी होती. माझ्या नवऱ्याने, दुर्मुशने, फट ठेवली नाही.

दुपारी मी चहा ओतत होते.

"शेरीफे, माझं मनगट कुणीतरी धरलंय गं."

"म्हातारपणाने धरलंय तुला. चहा घे."

त्याने पेला उचलला नाही. त्याचा उजवा हात मांडीवर पडून होता. बोटं निळी पडत चालली होती. मनगटाच्या कातडीत चार खळगे रुतले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत ते खोल होत होते.

"या हातावर घर चालतं आपलं," तो पुटपुटला. "काहीतरी कर."

मी हात धरून ओढला. पलीकडूनही कुणीतरी ओढला.

मग मी त्याची छिन्नी घेतली, त्याने कोरलेल्या देवाच्या बोटांखाली टेकवली आणि हातोडी मारली. कपची उडाली. फट पडली.

"सुटलं!" दुर्मुश लहान पोरासारखा हसला. बोटं उघडून मिटून मला दाखवू लागला. "बघ, हलतायत! अगं वेडे, आता तरी ठेव ती छिन्नी खाली."

मी ठेवतच होते.

माझं मनगट खाली येत नव्हतं.